आजीच्या अंगठीतला पिवळा खडा आणि प्रकाशाचं वळण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या अंगठीत एक पिवळा खडा आहे. घरात सगळे त्याला पुष्कराज म्हणत आले. एका सराफाने तो छापील कागदावर ठेवला, खालची अक्षरं दिसली, आणि "हा सुनेला नावाचा स्फटिकाच्या जातीतला खडा आहे, खऱ्या रत्नातून अक्षर वाचता येत नाही" असं सांगितलं. दुसऱ्याने तो पाण्याच्या वाटीत टाकला, "पाण्यात नाहीसा झाला नाही, म्हणजे पुष्कराजच" म्हणाला. रत्नातून जाताना प्रकाश वाकतो हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्या वाकण्यावरून खरं-खोटं ठरतं का, आणि ठरत असेल तर ते कसं, हे तुम्हाला हवं आहे.

ठरतं, आणि फार नेमकं ठरतं. पण त्या दोघांनी केलं तसं नाही. मी सत्तावीस वर्षं रत्नपरीक्षणाचं काम करतो आहे. असल्या कागदाच्या आणि वाटीच्या परीक्षेमुळे चांगले खडे कवडीमोलाने विकले गेलेले मी पाहिले आहेत, आणि काच जपून ठेवलेली घरंही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खडा प्रकाशाला किती वळवणार हे त्याच्या अणूंच्या रचनेत ठरलेलं असतं. ते कारागीर बदलू शकत नाही, सराफ बदलू शकत नाही, मंत्र घालून बदलत नाही. पण वळलेल्या प्रकाशाचं पुढे काय होणार, तो डोळ्याकडे परत येणार की खालून निसटणार, हे पैलू पाडणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या पहिल्या सराफाने पैलू पाहिले आणि निकाल मात्र खड्याच्या जातीबद्दल दिला.

प्रकाश पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पारदर्शक पदार्थात शिरला की मंदावतो. त्याची लाट पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, त्या हलण्यातून नवी लाट उठते, आणि दोन्ही मिसळून होणारी लाट मागे पडत जाते. किती मागे, हे अणू कोणते आहेत, किती दाटीने बसले आहेत आणि एकमेकांना कसे धरून आहेत यावर ठरतं. स्फटिकात, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजात, हा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ९४ हजार किलोमीटर राहतो, माणकात सुमारे १ लाख ७० हजार, आणि हिऱ्यात, जिथे कार्बनचे अणू विलक्षण दाटीने बांधलेले आहेत, फक्त १ लाख २४ हजार. पोकळीतल्या वेगाला खड्यातल्या वेगाने भागलं की जी संख्या येते तिला अपवर्तनांक म्हणतात. स्फटिकाचा १.५४४ ते १.५५३, माणिक, नीलम आणि पुष्कराजाचा १.७६२ ते १.७७०, हिऱ्याचा २.४१७.

मंदावणं समजलं, पण वळणं का? शाळेच्या लेझीम पथकाची एक सरळ रांग डोळ्यासमोर आणा. ती डांबरी रस्त्यावरून तिरकी नांगरलेल्या शेतात उतरते आहे. ज्या टोकाची मुलं आधी ढेकळांत शिरतात त्यांची पावलं आखूड पडतात, दुसरं टोक अजून रस्त्यावर वेगात असतं. हातात हात असलेली रांग तुटू द्यायची नाही, मग ती वळणारच. सगळी रांग एकदम समोरून शेतात शिरली तर ती फक्त मंदावेल, वळणार नाही. प्रकाशाचंही तेच. पृष्ठभागावर काटकोनात आलेला किरण सरळ आत जातो, तिरका आलेला वळतो. ४५ अंशांनी आलेला किरण स्फटिकात शिरल्यावर स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, साधारण २७ अंशांचा कोन करतो, पुष्कराजात साडेतेवीस, हिऱ्यात १७. जितकं मंदावणं जास्त, तितकं वळण तीव्र.

सगळाच प्रकाश आत जात नाही, काही पृष्ठभागावरूनच परत फिरतो. काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के, पुष्कराजावर साडेसात टक्क्यांच्या आसपास, हिऱ्यावर १७ टक्के. जुने जाणकार हिऱ्याच्या "पाण्या"बद्दल बोलतात, खडा नुसता हातात फिरवून "काच आहे" म्हणतात, त्यामागे बरंचसं हे असतं. अपवर्तनांक हा शब्द ज्याने आयुष्यात ऐकला नाही, त्याच्याही डोळ्याला तो वर्षानुवर्षांच्या सवयीने मोजता येतो. अशा डोळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो डोळा चारचौघांसमोर पुरावा म्हणून ठेवता येत नाही, आणि संध्याकाळी दुकानातल्या दिव्याखाली तोही चुकतो.

आता खरी गंमत आत शिरलेल्या किरणाची. खड्याच्या तळाच्या पैलूवर जाऊन तो बाहेर पडायला बघतो. बाहेर हवा, म्हणजे पुन्हा वेग वाढणार, म्हणजे आता वळण उलट्या दिशेने, स्तंभिकेपासून दूर. किरण जितका तिरका आदळेल तितकं हे वळण मोठं, आणि एका ठरावीक कोनानंतर बाहेर जायला दिशाच उरत नाही. किरण पूर्णपणे आत परततो, जणू पैलूच्या मागे आरसा लावलाय. आरशापेक्षाही चांगला, कारण आरसा थोडा प्रकाश खातो, हा काहीच खात नाही. या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात. स्फटिकाचा सुमारे ४० अंश, पुष्कराजाचा साडेचौतीस, हिऱ्याचा फक्त २४.४. म्हणजे हिऱ्याच्या तळाशी किरण २५ अंशांनी आदळला तरी अडकतो, तर स्फटिकात त्याच कोनाने आलेला किरण सहज निसटून जातो.

या एका फरकामुळे हिरा कारागिराला सगळ्यात जास्त वाव देतो आणि स्फटिक सगळ्यात कमी. गोल हिऱ्याच्या तळाचे पैलू आडव्या पातळीशी सुमारे ४०.७५ अंशांवर आणि वरचे ३४.५ अंशांवर असावेत, हे गणित मार्सेल टोलकोव्स्की याने १९१९ मध्ये मांडलं. सुरतेचे कारागीर या दोन बाजूंना तळिया आणि मथाळा म्हणतात. टोलकोव्स्कीच्या कोनाने एक सरळ किरण खाली सोडून पाहा: तो तळाच्या एका पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो, परततो, जवळजवळ आडवा समोरच्या पैलूकडे जातो, तिथे ५७ अंशांहून अधिक कोनाने आदळतो, पुन्हा परततो आणि वरच्या सपाट पैलूतून तुमच्या डोळ्याकडे बाहेर येतो. दोन्ही वेळा तो २४.४ च्या खूप वर आहे. हेच कोन स्फटिकाला दिले तर पहिल्याच आदळण्याला ४०.७५ विरुद्ध ४०, जेमतेम काठावर. खडा बोटभर कलला की किरण निसटला. म्हणून जाणता कारागीर स्फटिकाच्या जातीतल्या खड्यांना तळाशी ४३ अंशांच्या आसपास कोन देतो.

आता तुमच्या कागदाच्या परीक्षेकडे येऊ. तळाचा कोन क्रांतिक कोनापेक्षा कमी पडला, म्हणजे खडा पोटाशी उथळ राहिला, की मधोमध एक जागा अशी होते जिथून प्रकाश सरळ आरपार जातो. आमच्याकडे तिला खिडकी म्हणतात. त्या खिडकीतून कागदावरची अक्षरं दिसणारच. श्रीलंकेतून आलेल्या जुन्या पुष्कराज-नीलमांत ही खिडकी कितीतरी वेळा दिसते, कारण तिथले कारागीर कच्च्या खड्याचं वजन वाचवत पैलू पाडत. किंमत रतीवर किंवा कॅरेटवर, मग कोण चांगलं वजन घासून टाकेल? याउलट हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या घनाकार झिरकोनियाला, ज्याला बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात, नीट पैलू पाडले असतील तर त्यातून एक अक्षरही दिसणार नाही. त्याचा अपवर्तनांक २.१५ च्या वर आहे. थोडक्यात, अक्षर दिसलं म्हणजे खडा उथळ आहे, एवढंच कळतं. खडा कोणता, हे त्यावरून कळत नाही.

वजन की तेज, हा झगडा जुना आहे, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. नाशिकचा हिरा. परंपरेने तो त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी जोडला जातो. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. तेव्हा त्याचं वजन सुमारे ९० कॅरेट होतं आणि आकार त्रिकोणी. तिथल्या जवाहिऱ्यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, पण मूळ आकाराला धरून, शक्य तितकं वजन राखून, तो ७८ कॅरेटच्या थोडा वर उतरला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो विकत घेऊन पुन्हा कापवला, या वेळी वजनाची पर्वा न करता. राहिला ४३.३८ कॅरेट. म्हणजे मूळ ९० कॅरेटच्या दगडाचा अर्ध्याहून जास्त भाग धूळ होऊन गेला. अणू तेच, अपवर्तनांक तोच २.४१७, बदलले ते फक्त कोन. कोहिनूरचीही तीच कहाणी. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो पाहून लोक निराश झाले होते, इतका तो मंद दिसत होता. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले तेव्हा सुमारे १९१ कॅरेटचा तो १०५.६ कॅरेटवर आला. या दोन्ही हिऱ्यांचं जाणं मला एक मराठी माणूस म्हणून बोचतं. पण त्यांच्या कापण्याबद्दल विचाराल तर सांगतो, आपल्या जुन्या कारागिरांना हिरा कळत नव्हता असं मुळीच नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता: मोठा, अखंड, जमिनीतून जसा आला त्याच्या जवळचा.

आणि त्यांनी प्रकाश परत आणायचा दुसरा मार्गही शोधला होता. पोलकीचे जुने दागिने पाहा. पोलकी म्हणजे चपटा हिरा, त्याला तळाचे पैलू जवळजवळ नसतातच. नुसता हातात धरला तर आरपार दिसेल. पण कुंदनाच्या जडणीत त्याच्या खाली चांदीचा चकचकीत वर्ख ठेवतात आणि कडा शुद्ध सोन्याने हवाबंद करतात. जो परतावा कोनातून मिळत नाही तो वर्खातून मिळतो. म्हणून पोलकीचा दागिना पाण्यात बुडवून धुऊ नका. पाणी आत शिरलं की वर्ख काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. माणसं मग हिऱ्याला दोष देतात.

धुण्याचा विषय निघाला आहे तर उघड्या जडणीच्या हिऱ्याबद्दलही सांगतो, कारण यात भौतिकशास्त्र थेट तुमच्या स्वयंपाकघरात येतं. हिऱ्याला तेलातुपाची ओढ असते. खाणीत तर या गुणाचा वापर करून वंगण लावलेल्या फळ्यांवर हिरे चिकटवून खडीतून वेगळे काढत. अंगठी घालून कणीक मळली, केसांना तेल लावलं, की हिऱ्याच्या पोटाशी तेलाचा पातळ थर बसतो. आता त्या पैलूच्या बाहेर हवा नाही, तेल आहे, आणि तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. क्रांतिक कोन २४.४ वरून एकदम साडेसदतीसवर जातो. जे किरण कालपर्यंत अडकत होते ते आता तेलात निसटतात. हिरा "झिजला", "उतरला" म्हणून माझ्याकडे घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा हिरा कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, एवढ्याने पहिल्यासारखा झाला आहे. मात्र ब्रश मागून फिरवायचा, पुढून नाही. पाचूला हा उपाय करू नका. पाचूच्या भेगांत बहुधा मुद्दाम तेल भरलेलं असतं, त्या भेगा दिसू नयेत म्हणून. तेलाचा अपवर्तनांक पाचूच्या १.५७–१.५८ च्या जितका जवळ तितकी भेग अदृश्य. ते तेल धुतलं गेलं की सगळ्या भेगा उघड्या पडतात.

हिऱ्यातले रंगीत चमकारे हा वाकण्याचाच एक भाग. जांभळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. हिऱ्यात लालसाठी अपवर्तनांक २.४०७, जांभळ्यासाठी २.४५१, फरक ०.०४४. याला अपस्करण म्हणतात. पुष्कराजात हा फरक ०.०१८, स्फटिकात ०.०१३. घनाकार झिरकोनियात ०.०६ च्या आसपास, आणि मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यात ०.१०४, म्हणजे हिऱ्याच्या दुपटीहून जास्त. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते: फार रंग उधळणारा "हिरा" दिसला की आनंदाआधी शंका यावी. हे चमकारे बारीक, एकट्या दिव्याखाली दिसतात, समईच्या ज्योतीत फार सुंदर दिसतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळे रंग पुन्हा एकमेकांत मिसळून पांढरे होतात. दुकानाच्या छतावरचे बारीक झगझगीत दिवे उगाच लावलेले नसतात. खडा घेताना तो एकदा दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

आता जे मला या शास्त्रातलं सगळ्यात देखणं वाटतं ते. बहुतेक रत्नं एका किरणाचे दोन करतात. हिरा, लाल म्हणजे स्पिनेल, गोमेद आणि काच सोडल्या तर माणिक, पाचू, पुष्कराज, स्फटिक, झरकन, सगळ्यांत अणूंची मांडणी सगळ्या दिशांना सारखी नसते. म्हणून प्रकाशाची लाट कोणत्या दिशेने कंप पावते त्यावर तिचा वेग ठरतो. दोन वेग, दोन वळणं, दोन किरण. आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये हे इतकं ठळक आहे की खाली ठेवलेली एक रेघ दोन दिसते. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन याने १६६९ मध्ये याचं वर्णन केलं. रत्नांत फरक लहान असतो: पुष्कराजात ०.००८, पेरिडॉटमध्ये ०.०३६, झरकनमध्ये ०.०५९. (झरकन हे खाणीत मिळणारं खनिज आहे आणि अमेरिकन डायमंड कारखान्यात होतो. नावं सारखी म्हणून बिचाऱ्या झरकनला लोक खोटं समजतात.) झरकनमध्ये दहापटीच्या भिंगातून पाहिलं तर तळाच्या पैलूंच्या कडा स्पष्ट दुहेरी दिसतात.

मोइसनाइट पकडायला याच दुहेरी कडा कामाला येतात. हे सिलिकॉन कार्बाइड उष्णता इतकी चांगली वाहून नेतं की दुकानातलं साधं हिरा तपासायचं पेन त्याला हिरा म्हणतं. पण त्याचं दुहेरी अपवर्तन ०.०४३ आहे आणि हिऱ्याचं शून्य. फक्त वरच्या सपाट पैलूतून सरळ खाली पाहू नका. मोइसनाइट मुद्दाम असा कापतात की त्या दिशेने दोन किरण वेगळे होतच नाहीत. खडा तिरका धरा, कडेच्या पैलूतून आत बघा, आणि खालच्या कडा जोडीने दिसतात का पाहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिली जोडी दिसते तो क्षण मी आवर्जून बघतो. डोळे मोठे होतात. माझेही झाले होते.

दोन किरण कधी दोन रंगही घेऊन येतात. नीलम म्हणून विकला जाणारा काका-नीली, म्हणजे आयोलाइट, एका बाजूने निळा-जांभळा आणि दुसऱ्या बाजूने फिकट पिवळट, जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. खिडकीशी उभं राहून खडा फिरवला तरी हे साध्या डोळ्यांना दिसतं. गोमेदात वेगळंच. त्याच्या आत घट्ट पाकात पाणी ओतल्यावर उठतात तशा लहरी दिसतात, कारण अपवर्तनांक आतल्या आत जागोजागी किंचित बदलतो. हा दोष नाही, उलट गोमेदाची ओळख आहे. लसण्याची, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारख्या दिसणाऱ्या रत्नाची, रेघ आणि ओपलचे रंग मात्र वाकण्यातून येत नाहीत. लसण्यात आतल्या समांतर सुयांवरून परावर्तन होतं, ओपलमध्ये सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रचनेतून प्रकाशाचं विवर्तन होतं. ते विषय वेगळे.

मग तुमचा खडा? नावाचा घोळ आधी सोडवू. शब्दकोशांत पुष्कराजाला टोपाझ म्हटलेलं आढळतं. सराफ बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, माणकाचा सख्खा भाऊ, दोघंही ॲल्युमिनियम ऑक्साइड. टोपाझ हे निराळंच खनिज, आणि सुनेला हा स्फटिकाच्या जातीतला पिवळा खडा. तिघंही पिवळे, तिघंही पारदर्शक, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पण त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळही फिरकत नाहीत: पुष्कराज १.७६२–१.७७०, टोपाझ १.६१ ते १.६४ च्या पट्ट्यात, सुनेला १.५४४–१.५५३. काचेचा आकडा बनवणाऱ्यावर असतो, पण तो एकच येतो, जोडीने नाही.

हे मोजायचं यंत्र मुठीत मावेल एवढं असतं, अपवर्तनांकमापक. आत जड काचेचा लोलक, त्याच्या सपाट माथ्यावर १.८१ अपवर्तनांकाच्या द्रवाचा एक थेंब, थेंबावर खड्याचा सर्वांत मोठा सपाट पैलू. लोलकातून येणारा प्रकाश खड्याला भिडतो, आणि क्रांतिक कोनाच्या अलीकडचा निसटतो, पलीकडचा परततो. पट्टीवर एक बाजू काळोखी, एक उजळ, मधली सीमा म्हणजे तुमचा आकडा. ज्या गुणाने रत्न चमकतं त्याच गुणाने ते स्वतःचं नाव सांगतं. पिवळा एकरंगी प्रकाश वापरला तर सीमा धारदार होते. खडा फिरवला की दुहेरी अपवर्तनाच्या रत्नात रेषा दोन दिसतात आणि बहुधा निदान एक सरकते. एकेरी रत्नात एकच रेषा, जागची हलत नाही. हिऱ्याचा आकडा पट्टीच्या पलीकडे असल्याने हे यंत्र त्याच्यासाठी निरुपयोगी, पण रंगीत खड्यांसाठी याच्याइतकं विश्वासू दुसरं काही नाही.

पाण्याच्या वाटीचं म्हणाल तर तत्त्व खरं आहे, वापर चुकीचा झाला. खडा आणि द्रव यांचे अपवर्तनांक जितके जवळ तितक्या खड्याच्या कडा पुसट. पण पाण्याचा १.३३ आहे. सुनेला काय आणि पुष्कराज काय, दोघंही त्याच्यापासून दूर, कोणीच नाहीसा होणार नाही. पाण्याचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. खडा बुडवून बाजूने पाहिला तर जोडलेला खडा, वर एक थर आणि खाली दुसरा, शिवणीसकट दिसतो. जुन्या अंगठ्यांत असे जोडखडे निघतात, म्हणून ते बघण्याला अर्थ आहे.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट माहिती दिली असं होईल. अपवर्तनांक खनिज ओळखतो, जन्मस्थान नाही. व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्वाळेत माणिक घडवण्याची पद्धत जाहीर केली, आणि त्याच पद्धतीने पिवळा नीलमही होतो. त्याच्या रेषा खाणीतल्या पुष्कराजासारख्याच, १.७६२ आणि १.७७०. आजीच्या काळात असे कारखान्यातले खडे बाजारात भरपूर होते आणि लोकांनी ते विश्वासाने घेतले. म्हणून आकडा पुष्कराजाचा आला तरी पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची: आत वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसले तर तो ज्वाळेतला, सरळ किंवा कोनदार वाढरेषा आणि रेशमासारख्या सुया दिसल्या तर बहुधा खाणीतला.

तुम्ही असं करा. अंगठीतून खडा कोणालाही काढू देऊ नका. खडा धरणारे जुन्या सोन्याचे दात परत वाकवताना तुटतात, आणि काढायची गरजही नाही. वरचा सपाट पैलू दातांच्या वर उघडा असेल तर अंगठी तशीच मापकावर ठेवता येते. जवळच्या मोठ्या शहरातल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत जा, जी स्वतः खडे विकत नाही अशा ठिकाणी. आधी अंगठी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, पण मागची बाजू बंद असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसा. लेखी अहवाल मागा आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत ना ते पाहा: अपवर्तनांकाचे दोन्ही आकडे, खडा नैसर्गिक की मानवनिर्मित, आणि त्यावर उष्णतेची किंवा दुसरी काही प्रक्रिया झाल्याच्या खुणा आहेत का. आकडे १.५४–१.५५ आले तर पहिल्या सराफाचं नाव बरोबर ठरेल, कारण मात्र तरीही चुकीचं. १.७६–१.७७ आले आणि खडा खाणीतला निघाला, तर कागदावरची अक्षरं दिसली ती फक्त उथळ पोटामुळे. मग कोणी "पुन्हा पैलू पाडून देतो, तेज वाढेल" म्हणालं तर आधी किती वजन जाईल ते लेखी विचारा आणि मला कळवा.